शामलाबाईंचं सायलेंट खातं

कामठीचे नत्थूजी चाळीस वर्षं यंत्रमागावर होते, आणि बायको शामलाबाई शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायच्या. त्या खडखडाटात बाईंचे कान पार गेले. आता नागपुरात कानाचं मशीन घ्यायचं ठरलं होतं, पोस्टातले पैसे काढून. दर महिन्याला नत्थूजी बायकोच्या हातावर पाचशे रुपये ठेवत, "पोस्टात टाक वं" म्हणत आणि मोकळे होत. पासबुक उघडून बघितलं असेल तर शपथ!

"काका, हे सायलेंट झालंय," पोस्टाच्या खिडकीत बसलेली भूमिका नावाची मुलगी पासबुक बघून म्हणाली.

"हाव, आयकू नाही येत तिले," नत्थूजी म्हणाले, "पण बोलते मस्त."

"बाई नाही हो, खातं! तीन वर्षांत भरणा नाही, काढणं नाही."

नत्थूजींना दरदरून घाम फुटला. "म्हंजे पैसे बुडाले?"

"काही बुडत नाही. व्याज सुरूच आहे. काकूंचा अर्ज आणि आधार द्या, खातं चालू होईल."

"पण व्याज देता कुठून? तुम्ही तं कोणाले कर्ज देऊन नाही राहिले."

"पैसा इथं थांबतच नाही, सरकारकडे जातो. सरकार वापरतं, व्याज तेच देतं. पोस्टाला खाती सांभाळायचा मेहनताना मिळतो. चालू खात्याचा जास्त, सायलेंटचा कमी."

बाप्पा! पैसा आपला, वापरणार सरकार, सांभाळणार पोस्ट! नत्थूजींच्या डोक्यात सुताचा गुंता झाला. सूत मालकाचं, कापड मालकाचं, आपल्याला मीटरमागे मजुरी. पोस्टाचंही तसंच म्हणायचं की काय? बरं, तेही असो. पण मग तीन वर्षांचे पाचशे-पाचशे गेले कुठे?

मागच्या बाकावर शामलाबाई बसल्या होत्या. नत्थूजी त्यांच्या कानाशी जाऊन असे ओरडले की सगळं पोस्ट वळून बघायला लागलं. "पैसे कुठी टाकले वं?"

"घरी हायेत ना, तांदळाच्या डब्यात. सारे," शामलाबाई म्हणाल्या. "खिडकीवर काय विचारते ते मले समजेच ना. एकदा भलतंच सांगितलं, तं मागचे लोक हसले. तवापासून नाही आली मी."

नत्थूजींचा राग कुठल्या कुठे गेला. तीन वर्षं एका ताटात जेवलो आणि आपल्याला पत्ता नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली. ओरडायचं विसरून त्यांनी हळूच विचारलं, "मले काहून नाही सांगितलं वं?"

शामलाबाईंनी नवऱ्याच्या ओठांकडे निरखून पाहिलं.

"काय म्हणता?"