अलकापुरीच्या शोरूममध्ये आमची गुप्त भाषा

बडोदेकरांनो, दुकानदारासमोर आपसात मराठीत बोलून भाव ठरवायची खोड तुम्हालाही असेलच. आज तीच आम्हाला नडली.

दुपारी बायकोबरोबर जोरदार इंजिनवाली नवी एसयूव्ही बघायला गेलो. गेल्या वर्षीपेक्षा किंमत बरीच वाढलेली, त्यात निम्म्या गोष्टी ‘ऑप्शनल’. सेल्समन गुजरातीत सगळं समजावत होता.

मी बायकोला हळूच म्हटलं, "थंड हवेच्या सीट हव्यातच. पण चेहऱ्यावर दाखवू नकोस."

तो लगेच म्हणाला, "ठंडी सीट तो पॅकमां ज आवशे, साहेब. साथे गरम सीट पण." म्हणजे थंड सीट हव्या तर गरम सीटसकट अख्खं पॅकच घ्यायचं.

"बडोद्यात सीट तापवायला पैसे कशाला? ऊन फुकट तापवतं की!" बायको मराठीत पुटपुटली. तो खाली बघून हसला. तरी मला काही कळलं नाही!

"विचारीने कहीशुं," म्हणजे विचार करून सांगू, असं म्हणून आम्ही उठलो. तो दारापर्यंत सोडायला आला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "वहिनी, खरं सांगू? मी तुमच्या जागी असतो तर ते पॅक घेतलं नसतं."

घरी आलो. आता बायको म्हणते, "गाडी घेतली तर याच्याकडूनच."

मला मात्र एकच कुतूहल आहे. तासभर गुजरातीत बोलणारा माणूस नेमका दारातच मराठी का झाला? आम्हाला वाचवायला, की गाडी विकायला?

तुम्हाला काय वाटतं?