एकोणीस फुटी तुळई

समोर चार भिंती, वर मोकळं आभाळ. उजव्या अंगाला वाळूचा ढीग आणि त्यावर ठाण मांडून बसलेल्या तीन कोंबड्या. डाव्या अंगाला गोठ्याला लागून असलेली खोली, तिचं दार अर्धं उघडं. मधोमध दोरांवर तोललेली लोखंडी तुळई, आणि तिच्याखाली मान वर करून उभे असलेले मास्तर. सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं, विंगेतून कुणी दिवा सोडावा तसं. अर्धं गाव जमलं होतं, म्हणजे हाऊसफुल्लच म्हणायचं.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिंपी. एका नाटक कंपनीचे कपडे त्यांनी एकतीस वर्षं शिवले. राजाचा झगा, शिपायांचे कोट, भिकाऱ्याची ठिगळं. ठिगळं तर जरा जास्तच मन लावून. जेवणावळी झोडून नायक सुटला, तरी त्याचा कोट तटतटत नसे, कारण मास्तर शिवणीत दोन बोटं कापड राखून ठेवायचे. ‘मास्तरांचं माप’ म्हटलं की वाद संपला. कंपनी बंद पडली. मास्तरांनी कात्री पेटीत टाकली, टेप गळ्यात अडकवला आणि बायकोला घेऊन ते या गावात घर बांधायला आले.

गावानं आधी त्यांना पोटभर हसून घेतलं. मास्तरांच्या शहरी चपला चिखलात राहिल्या, दोन बादल्या विहिरीनं गिळल्या, आणि एका कोंबडीनं शिवणयंत्रावर अंडं घातलं. पण पुढे लोक कापड घेऊन येऊ लागले, अंगावर चपखल बसलेले सदरे घालून परत जाऊ लागले, तसा मास्तरांच्या शब्दाला वजन आलं. मास्तरांच्या बायकोचा, काकूंचा, जीव मात्र रमेना. गोठ्यालगतच्या खोलीत, त्या वासात त्यांनी आठ महिने काढले होते. या महिन्यात छप्पर चढलं नाही तर मी बहिणीकडे जाते, असं त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. काकू नुसतं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. ट्रंक भरून दाराशी आणून ठेवली होती.

तर त्या सकाळी आठ जणांनी पहिली तुळई वर ओढली. एक टोक भिंतीवर छान विसावलं. दुसरं टेकलं आणि गवंड्यानं हात वर केला.

“थांबा. दोर सोडू नका कुणी.”

त्यानं टोकाखाली बोटं घालून पाहिलं. सहा इंच तरी बैठक हवी, इथे जेमतेम तीन. चार बोटं कमी. खाली ठेवलेल्या बाकीच्या तीन तुळयाही तेवढ्याच होत्या. आता सगळ्यांच्या नजरा लोहाराकडे वळल्या.

या लोहाराला गाव आखूडशेठ म्हणायचं. पूर्वी त्यानं शाळेचं फाटक वीतभर आखूड बनवलं होतं, आणि दोन वर्षं त्या फटीतून शेळ्या शाळा शिकून गेल्या होत्या. ते नाव पुसायला त्याला ही चार तुळयांची संधी मिळाली होती. गर्दीतून कुणीतरी बोललंच, “आखूडशेठ, या वेळी शेळी नाही, आख्खं छप्पर आत यायचं.” लोक हसले. दोर धरलेलेही हसले आणि तुळई हलली, तेव्हा मात्र गप्प झाले. गवंड्यानं घाईघाईनं खाली टेकू लावून घेतला.

लोहार लाल झाला होता. मास्तरांनी भट्टीवर येऊन तोंडी एकोणीस फूट सांगितलं, मी एकोणीसच कापली, मोजून बघा, असं तो परत परत सांगत होता. मोजलं. तुळई बरोबर एकोणीस. मग गवंड्याच्या लोखंडी टेपनं भिंतीवरची जागा मोजली, ती निघाली एकोणीस फूट तीन इंच.

“मास्तर,” गवंडी म्हणाला, “तुम्ही नक्की किती सांगितलं होतं?”

संवाद विसरलेल्या नटासारखे मास्तर उभे राहिले. मागून शब्द पुरवणारं कुणी नव्हतं. खरं तर त्यांना लख्ख आठवत होतं. एकोणीसच सांगितलं होतं.

“आठवत नाही,” ते म्हणाले.

झालं, गावाला तेवढंच पुरलं. मास्तरांचं माप चुकेल कसं? लोहारानंच अर्धवट ऐकलं असणार. लोक एकेक जुनी गोष्ट उकरू लागले. मास्तर लोखंडी टेप उचलून खोलीत गेले. त्यांनी तो जमिनीवर पसरला आणि शेजारी गळ्यातला आपला टेप ठेवला. कापडी, मऊ, कडा झिजलेला. त्याचे पाच फूट संपले, तेव्हा लोखंडी टेपवर पाच फूट पाऊण इंच दिसत होतं. एकतीस वर्षं ओढून ओढून टेप वाढला होता. आणि कुणाला कधी कळायचं कारणच नव्हतं, कारण अंगही त्याच टेपनं मोजायचं आणि कापडही त्याच टेपनं. चुकीला चूक मिळत गेली आणि कोट बसत गेले. छपराचं मापही याच टेपनं घेतलेलं, पण लोहाराची भट्टी ही पहिली जागा, जिथे ते माप दुसऱ्याच्या टेपवर उतरलं.

पाण्याचा तांब्या घेऊन काकू मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही टेप पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“चूक त्याची ठरली, तर आठवड्याभरात नव्या तुळया करून देईल तो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुमची ठरली तर आत्ताच्या आत्ता निघून जाईल. एवढं ऐकून घेतल्यावर कोण थांबेल, अहो?”

बाहेरचा गलबला एकाएकी कमी झाला होता. लोहार बोलत होता, आणि त्याचा आवाज भट्टीवरचा नव्हता.

“असेल माझंच चुकलं,” तो म्हणत होता. “मागेही चुकलंच होतं. बदलून देतो चारही.”

मास्तर उठले. दोन्ही टेप हातात घेऊन ते बाहेर आले, भिंतीपाशी उभे राहिले आणि रंगमंचाच्या टोकाशी येऊन बोलावं तसं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलले.

“एकोणीस मीच सांगितलं. मघाशीही आठवत होतं. खोटं बोललो. माझा टेप वाढलाय, हा बघा.”

त्यांनी दोन्ही टेप सगळ्यांसमोर लावून दाखवले. कुणी हसलं नाही. लोक हसले असते तर बरं झालं असतं. लोहार मास्तरांसमोर येऊन उभा राहिला.

“आठवत होतं,” तो म्हणाला. “आणि हे सगळे मला सोलत होते, तेव्हा तुम्ही उभे होता.”

“हो.”

लोहारानं हत्यारं गोळा करायला घेतली. पाना, हातोडा, एकेक पोत्यात पडत होतं आणि प्रत्येक आवाजाबरोबर काकूंची नजर दाराशी ठेवलेल्या ट्रंकेकडे जात होती. गवंडी मधे पडला. नव्या तुळया कशाला, आतून भिंतीला लागून विटांचे खांब उचलतो, तुळया त्यावर बसतील, चार दिवसांचं काम, असं तो समजावू लागला. पण तुळई टेकायला प्रत्येक खांबावर लोखंडी पाट लागणार, तो बसवायला लोहार हवा. लोहारानं पोत्याचं तोंड आवळलं आणि पोतं खांद्यावर घेतलं.

तेव्हा काकू पुढे झाल्या. त्यांनी तांब्या त्याच्यापुढे धरला. मघाशी यांना गप्प राहा म्हणणारी मीच होते, एवढंच त्या म्हणाल्या, आणि तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या. हात भरून आला तरी खाली घेतला नाही.

लोहारानं पोतं उतरवलं. पाणी प्यायला. मग तोंड पुसत, कुणाकडेही न बघता म्हणाला की पाट करीन, पण आता तोंडी माप घेणार नाही, आणि मास्तरांच्या हातचं तर मुळीच नाही.

मास्तरांनी आपल्या टेपची घडी करून ती खिशात घातली. लोखंडी टेपचं टोक उचललं, भिंतीच्या कोपऱ्याशी जाऊन अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं, आणि सगळ्या गावासमोर लोहाराला म्हणाले,

“माप तुम्ही घ्या. मी टोक धरतो.”