डबीतला बर्फाचा डोंगर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतका बर्फाळ डोंगरांचा भक्त अख्ख्या अरबस्तानात सापडणार नाही, आणि गंमत म्हणजे त्यांनी आयुष्यात असा एकही डोंगर पाहिलेला नाही. जन्म जळगावचा, नोकरी इथे सौदीत, अल खर्जच्या दूध डेअरीत. दोन्हीकडे ऊन असं, की नळाचं गार पाणी ही अफवा वाटावी. मुलांनो, तुम्ही तिकडे थंडीच्या देशात रोज सकाळी कुरकुरत जो बर्फ फावड्याने बाजूला करता, तो समोर आला तर हा माणूस आधी चपला काढेल आणि मग नमस्कार करेल.

या भक्तीचं दैवत म्हणजे चांदीचं एक नाणं. डेअरीच्या शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करायला परदेशातून एक इंजिनिअर आला होता. काकांनी त्याला काकूंच्या हातची पोळीभाजी मनसोक्त खाऊ घातली आणि जाताना त्याने हे नाणं दिलं. त्याच्या देशातल्या केबल कारच्या गौरवार्थ काढलेलं. मागे हिमशिखरं, पुढे तारेला लटकलेला डबा. नाणं गोल, पारदर्शक डबीत बंद, आणि सोबतच्या कागदावर सूचना, की उघड्या हाताने स्पर्श करू नये, डाग पडल्यास निघत नाही. मी स्वतः शिस्तीची बाई आहे, औषधांच्या बाटल्यासुद्धा उंचीप्रमाणे लावते. पण काकांपुढे मी अगदीच गबाळी. ते पांढरे हातमोजे घातल्याशिवाय बंद डबीलाही हात लावत नाहीत. दमट हवा लागू नये म्हणून कॉलनीत कोणीही नवे बूट आणले, की त्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी मागायला काका हजर. नाण्याच्या दर्शनाच्या वेळी एसी अठरावर ठेवतात, स्वतः स्वेटर घालतात. "त्याला त्याचं हवामान नको का, वहिनी?" असं मलाच विचारतात.

भिंगातून पाहिलं तर त्या लटकत्या डब्यात तीन डोकी दिसतात. काकांनी त्यांची ओळख केव्हाच ठरवून टाकली आहे.

"हा मी, आणि ही ही," ते काकूंकडे बोट दाखवून सांगतात.

"आणि तिसरा कोण?" काकू विचारतात.

"तिकीटवाला."

"मग त्याला उठवा आणि मला खिडकीशी बसवा. एवढ्या लांब आणलंत, दिसत तर काहीच नाही!"

एकदा रियाधच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्याने डबी वर धरून विचारलं, हे काय? काका अभिमानाने म्हणाले, "तेलेफ्रीक." केबल कारला इथे तसंच म्हणतात. तो खूश होऊन म्हणाला, "ताइफला आहे की! बायकोला घेऊन जा, यल्ला, चला निघा!" काका आठवडाभर धुमसत होते. "ताइफच्या डोंगरावर बर्फ आहे का? नुसती माकडं!"

काकूंचं आणि या नाण्याचं मात्र दर दिवाळीला वाजतं. त्यांचं माहेरचं चांदीचं नाणं त्यांनी सुनेला दिलं, त्यामुळे लक्ष्मीपूजनाला घरात चांदी म्हणजे ही एवढीच. काकूंना नाण्याला पंचामृताचं स्नान घालायचं असतं आणि काकांना त्यावर पाण्याचा थेंबही चालत नाही. मी आमचं नाणं देऊ केलं, तर काकू म्हणाल्या, "लक्ष्मी काय उसनी आणायची?" नवीन घ्यायचं म्हटलं, तर काका म्हणणार, घरात एक असताना दुसरं कशाला? दरवर्षी तह व्हायचा. डबी बंदच चौरंगावर, आणि दूध झाकणावर. काकू कुंकू वाहताना पुटपुटायच्या, "घुसमटत असेल बिचारी आत."

यंदा काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला होत्या. ऑपरेशन नेमकं लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. शीतगृहाचं काम निघालं आणि काकांना रजा मिळाली नाही. संध्याकाळी तुमचे आजोबा आणि मी त्यांच्याकडे गेलो. इथे उघड्यावर नको म्हणून दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी रांगोळी काढली होती, स्वस्तिक उलटं. पंचामृतातलं दूध डेअरीचंच. हॉस्पिटलच्या खाटेवरून काकू व्हिडिओवर सूचना देत होत्या.

"आता झाकणावर चमचाभर दूध घाला, आणि झालं."

काकांनी हातमोजे काढले. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनी अंगठ्याने झाकण उघडलं, नाणं ताम्हनात ठेवलं आणि शिखरांवर दूध, दही, मध, तूप, साखर सगळं ओतलं. निम्मं ताम्हनाबाहेर गेलं.

"अहो! डबी उघडलीत?"

"हो."

"डाग पडेल ना!"

"पडू दे. तू उद्या शुद्धीवर आलीस की आधी मला फोन कर."

काकू म्हणाल्या, "एवढी वर्षं मी हेच सांगत होते, तेव्हा ऐकलं नाहीत," आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या.

ऑपरेशन छान झालं. काकू आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, पण डॉक्टर अजून इकडे पाठवत नाहीत. नाण्यावर, शिखरांच्या जरा खाली, पिवळट ढग आला आहे. काका तो पुसत नाहीत आणि नाणं कोणाला दाखवतही नाहीत. जेवायला आमच्याकडेच असतात. परवा आजोबांनी दर्शन मागितलं, तर म्हणाले, "ती आल्यावर." मग ताटातला भात तसाच ठेवून उठले. जळगावला फोन करायची वेळ झाली होती.