अझो आहे की नाही

१४ जुलै २०२५ रोजी शालिकराम धकाते यांनी वर्धा रोडवरच्या एका खासगी प्रयोगशाळेत जीएसटीसह चार हजार सातशे वीस रुपये भरले आणि आपल्या हातच्या लाल सुताची एक लडी तपासायला दिली. चाळीस वर्षे सूत रंगवणाऱ्या माणसाला आपला रंग पैसे भरून दुसऱ्याकडून ओळखून घ्यावा लागतो, याला प्रगती म्हणतात.

कारण असे की, विणकर संस्थेकडे पुण्याच्या एका दुकानदार बाईंची ऑर्डर आली होती. साठ किलो सूत, लाल आणि पिवळे, किलोला एकशे चाळीस रुपये रंगणावळ. अट एकच, माल ‘अझो-फ्री’ हवा. तांडापेठेतल्या शालिकरामच्या शेडमधली भट्टी दीड वर्षापासून आठवड्यातून एकदा पेटत होती. ही ऑर्डर गेली तर भट्टी मोडून शेड शेजाऱ्याच्या मोटारीला भाड्याने द्यायची, असे मुलाने, भूपेशने, बापाला न विचारता ठरवून टाकले होते. मोटारमालक येऊन शेडची लांबीही मोजून गेला होता.

हा अझो कोण, हे संस्थेत कोणालाच माहीत नव्हते, म्हणून संस्थेने त्यावर कार्यशाळा घेतली. पाहुण्यांनी अझो हे विष असल्याचे सव्वा तास सांगितले, नंतर समोसा झाला. मागे ‘अझोमुक्त विणकर’ असा लालभडक फलक होता. त्या लाल रंगात काय आहे, हे फलकाला कोणी विचारले नाही.

शालिकरामने विचारले, पण घरी. सून प्रणाली ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिने भाजी निवडता निवडता सांगितले की, नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना दोन्ही हातांनी धरून बसले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना कार्बनची कडी आली, की त्या जोडीला अझो म्हणायचे. बाजारातले बहुतेक लाल, पिवळे, केशरी रंग या जोडीच्या जिवावरच दिसतात. जोडी वाईट नाही. मात्र काही थोड्या रंगांत ती तुटली की त्यातून अपायकारक अमाइन निघते. बंदी आहे ती त्या रंगांवर.

“म्हणजे फारकत झाल्यावर कोणाच्या घरातून काय निघते, ते पाहाचं,” शालिकराम म्हणाला.

“बरोबर, मामाजी. वर्गात मी इतकं सोपं नाही सांगत.”

त्याच हिशेबाने तिने त्याला प्रयोगशाळेत धाडले. अहवाल आठ दिवसांनी आला. बावीस अमाइन्सची नावे, एकेक नाव बैलगाडीएवढे लांब, आणि प्रत्येकापुढे ‘आढळले नाही’. शालिकरामने तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि संस्थेचा फॉर्म भरायला बसला. फॉर्मवर एकच प्रश्न होता. अझो : आहे / नाही.

इथे त्याने ती चूक केली, जी अर्थ समजलेला माणूसच करू शकतो. त्याने ‘आहे’वर खूण केली. खाली सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘बंदी असलेले अमाइन नाही, अहवाल जोडला आहे.’

सचिव अनंतराव पोतनीस सभ्य गृहस्थ. कागद दोनदा वाचल्याशिवाय ते कधी गैरसमज करून घेत नसत. त्यांनी शालिकरामला बोलावले, खुर्ची दिली आणि हे स्वतःच्या हाताने लिहून दिलेत का, असे विचारले.

“हाय तं हाय म्हणलं, साहेब. लाल-पिवळ्यात राहतेच ते.”

“राहू द्या की. लिहायचं कशाला?”

“तुमी विचारलं म्हणून.”

अनंतरावांनी अहवाल उलटापालटा केला. त्यात अझो-फ्री हा शब्द कुठेच नव्हता, याचे त्यांना वाईट वाटले. “यात बावीस विषांची नावं आहेत, शालिकराम. बाई घाबरतील.”

“पुढे ‘आढळले नाही’ लिहून हाय ना.”

“पण शोधलं होतं, असा अर्थ निघतो,” अनंतराव म्हणाले आणि कागद परत दिला.

ऑर्डर संस्थेतल्याच दुसऱ्या रंगाऱ्याला, गोविंदा नंदनवारला मिळाली. गोविंदाने फॉर्म न वाचता ‘नाही’वर खूण केली होती आणि सोबत हिरव्या पानाचे चित्र असलेले ‘अझो-फ्री’ स्टिकर जोडले होते. अडचण एवढीच की गोविंदाची भट्टी तीन वर्षांपासून बंद होती. मोटारवाला आगाऊ भाडे घेऊन यायच्या आदल्या दिवशी गोविंदा स्कूटरवरून तांडापेठेत आला. चहा घेतला, भूपेशच्या मुलीला चॉकलेट दिले, मग मुद्द्यावर आला. शालिकभाऊसारखा लाल कोणाच्या हाताला येत नाही, तेव्हा साठही किलो त्यांनीच रंगवावे. भाव सत्तर रुपये.

“रंग कोणता घालू?” शालिकरामने विचारले.

“जो घालता तोच घाला ना गा. आपण दोघंही लकडगंजातल्या दुकानात एकाच डब्यातून घेतो.”

“तुले अझो म्हणजे काय, ठाऊक हाय का?”

“मले काहून ठाऊक असावं? मी तं ‘नाही’ म्हणलं,” गोविंदा म्हणाला. “जे नाही, त्याची माहिती ठेवून काय कराचं?”

शालिकरामने भूपेशला हाक मारून मोटारवाल्याला नाही म्हणून कळवायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाणी तापत ठेवले.

नऊ दिवसांत साठ किलो सूत निघाले. तेच हात, तोच डबा, तोच लाल. प्रत्येक गठ्ठ्यावर गोविंदाने स्टिकर लावले. पुण्याच्या बाईंनी संस्थेला पत्र लिहिले की, रासायनिक रंगांत ही ऊब कधीच येत नाही. अनंतरावांनी ते पत्र सूचनाफलकावर लावले. शालिकरामने ते उभ्याने वाचले आणि प्रणालीला दाखवायला मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.

रंगणावळीचे चार हजार दोनशे गोविंदाने रोख चुकते केले. रंगवायला लागलेल्या मिठाच्या पोत्यांचे दोनशे साठ रुपये त्याच्याकडून अजून यायचे आहेत.