पांढऱ्या पायाची

पाय पांढरे असलेला बैल आमचे वडील कधी विकत घेत नसत. असं जनावर दावणीला आलं की घराचं वाटोळं होतं, हा त्यांचा पक्का समज. गुरांच्या बाजारातलं हे बोलणं बायकांच्या वाट्याला शिवी होऊन कधी आलं, कोण जाणे. आमच्या कंपनीत ते अजून चालतं. नवा मॅनेजर आला आणि ओव्हरटाइम बंद झाला, तर पोरं म्हणतात, साहेब पांढऱ्या पायाचा निघाला. सगळे हसतात. मला हसू येत नाही.

थोरला भाऊ जालना रोडवर अपघातात गेला, तेव्हा त्याच्या लग्नाला आठच महिने झाले होते. तेराव्याला पाहुण्यांत बसून मी बोललो, "पांढऱ्या पायाची आणली, दुसरं काय." दुःखाच्या भरात गेलं तोंडातून, असं मी स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. मला कुणावर तरी ढकलायचं होतं.

शब्द बायकांत गेला आणि वहिनींपर्यंत पोचला तो आईच्या नावानं. असं सासूच बोलणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं. आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी गप्प राहिलो, तीही राहिली. वहिनी फुलंब्रीला माहेरी निघून गेल्या. पुढं आई अंथरुणाला खिळली, तिनं निरोप धाडले. त्या आल्या नाहीत, आणि आई गेली.

परवा मुकुंदवाडीत आमच्या फ्लॅटची वास्तुशांत होती. वहिनी आल्या, पण जिन्यातच थांबल्या. सगळे आत जाऊ द्या, मग मी येते, म्हणाल्या. कुठल्याही कार्याला त्या असंच करतात म्हणे. आत गुरुजी घाई करत होते, बायको दारातून खुणावत होती. आज नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, हे मला कळत होतं. मी चार पायऱ्या उतरलो.

"वहिनी, ते आई नव्हती बोलली. मी बोललो होतो."

त्यांनी कठडा धरला.

"आत्याबाईंनी दोनदा बोलावलं होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी नाय आले. घोटभर पाणी बी नाय पाजलं त्यांना."

माफ करा म्हणायला मी तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं. आत्याबाईंचा फोटो कुठं लावलाय, एवढंच विचारलं. हॉलमध्ये, म्हणालो.

"सरका."

दारातल्या गर्दीतून वाट काढत त्या सरळ आत गेल्या. फोटोपुढं हात जोडून उभ्या राहिल्या. गुरुजींनीही मंत्र थांबवले. बायकोनं जेवायचा आग्रह केला, पण त्या थांबल्या नाहीत. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. अजूनही फोन उचलत नाहीत.