जावा म्हणजे आंबील

चांद्याच्या दवाखान्यात माझी बदली झाली तेव्हा मी पुण्याहून नर्सिंग शिकून आलेली, मूळची साताऱ्याकडची, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी होते. ऑपरेशननंतर रोग्याची निगा कशी राखायची हे मला तोंडपाठ होतं. नाडी, ताप, लघवी बघायची, पोटातला वारा सरला की पातळ आहार सुरू करायचा. इतकं पाठ होतं, म्हणूनच आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

पुरुषांच्या वॉर्डात गडचिरोलीकडच्या जंगलातला एक गोंड माणूस होता. हर्नियात आतडं अडकलं होतं, डॉक्टरांनी पोट उघडून ते सोडवलं होतं. तिसऱ्या दिवशी वारा सरला. मी पातळ आहार म्हणून दूध नेलं. त्यानं पेला दूर सारला आणि म्हणाला, "जावा."

आमच्या साताऱ्याकडे 'जावा' म्हणजे 'निघा आता'. मोठ्या माणसाला असंच सांगतात. हाकलतोय, पण निदान अहोजाहो तरी करतोय, म्हणून मी हसलेसुद्धा.

संध्याकाळी पुन्हा दूध नेलं, पुन्हा "जावा." दुसऱ्या दिवशी तो हात जोडून तेच म्हणाला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. याचं सगळं मी करायचं आणि वर यानं मलाच घालवायचं? मी तक्त्यावर लिहून टाकलं, रोगी आहार घेत नाही. डॉक्टर म्हणाले, "जंगली आहे. भूक लागली की पिईल." सलाईन चालू ठेवलं. पोटाची शिवण धरायची तर अंगात अन्न जावं लागतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी मुकाट्यानं तोच दुधाचा पेला नेत राहिले. शेण खाल्लं, दुसरा शब्द नाही.

सहाव्या दिवशी त्याची चादर बदलताना मी आयाबाईपाशी कुरकुरले, की हा माणूस मला रोज जा म्हणतो. ती त्याच मुलखातली. तिचे हात थांबले.

"बाई, तो तुमाले जा नाई म्हणून राह्यला. जावा म्हंजे आंबील. आंबील मांगून राह्यला तो. दूध नाई पीत ते लोक. दूध वासराचं म्हन्तेत."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मले कोनी इचारलं?"

त्याची बायको फाटकाबाहेर तीन दगडांवर रोज आंबील शिजवत बसत होती. बाहेरचं अन्न आत आणायचं नाही, हा आमचा नियम. मी तिला मडक्यासकट आत आणलं. डॉक्टर आडवे आले, तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा डॉक्टरांवर ओरडले. तो अर्धा वाडगा प्याला, स्वतःच्या हातानं.

पण फार उशीर झाला होता. दुपारी खोकल्याची उबळ आली आणि पोटाची शिवण उसवली. पुन्हा ऑपरेशनला घेतलं. तो टेबलावरच गेला.

त्याची बायको रडली नाही. तिनं आयाबाईला गोंडीत काहीतरी विचारलं.

"ती म्हन्ते, त्यानं अगुदर काऊन नाई मांगलं?"

"तिला सांग, रोज मागत होता. हात जोडून मागत होता. मलाच कळलं नाही."

आयाबाई तिला दोनच शब्द बोलली. बायकोनं मान हलवली.

"काय सांगितलंस?"

"त्याले भूकच नोहती म्हनलं."

मी आयाबाईचा दंड धरला. खरं सांग म्हणून तिच्यावर खेकसले. तिनं शांतपणे माझा हात सोडवला.

"नवरा गेला तिचा. आता हेबी कायले सांगाचं? तुमाले सांगाचं असन तर तुमीच सांगा. येते का तुमाले तिची बोली?"

मला येत नव्हती. एक वर्ष त्या मुलखात पगार खाल्ला होता आणि शिकावीशीही वाटली नव्हती. नवऱ्याला भूक नव्हती असं समजून ती त्याला बैलगाडीत घालून घेऊन गेली.