देवघरातले गव्हांकुर

वडिलांच्या अंगातलं रक्त कमी होऊ लागलं, तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि आमच्या मंगळवार पेठेत गव्हांकुराच्या रसाची साथ आली होती. ज्याच्या त्याच्या तोंडी तोच रस. डॉक्टरांची औषधं चालूच होती. पण आईला स्वतःच्या हातानं काहीतरी करायचं होतं.

गहू रुजवायला तिला कोण शिकवणार? दर नवरात्रात घट बसवणारी बाई ती. तिनं पत्रावळीवर काळी माती पसरली, गहू पेरले आणि पत्रावळ घटाच्याच जागी, देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. घटाचं धान अंधारात जितकं पिवळं वाढेल तितकं घराला चांगलं, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक. आईचे गव्हांकुर हळदीसारखे पिवळे आले. ती ते पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळायची. वडील तोंड वाकडं करून प्यायचे.

"दसऱ्याला टोपीत खोवायचं त्ये मला पाजतीस व्हय गं?" म्हणायचे. आई हसायची.

जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास वडील गेले. भेटायला आलेल्या शेजारणीला देवघरात ती पत्रावळ दिसली.

"अवो वैनी, ह्ये असलं पिवळं पाजत हुतासा? ह्येला ऊन लागतंय की! हिरवं झाल्याबिगर सत्त्व न्हाय येत."

कधी काय बोलावं हे माणसाला कळू नये? मला त्या बाईचा अजून राग येतो.

मी आईला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, "उजेडात वाढलेल्या अंकुरात जीवनसत्त्वं जास्त असतात, हे खरं. पण हा आजार रसानं हटणारा नव्हता. हिरव्याही नाही आणि पिवळ्याही नाही." आईनं त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. वडील गेल्याचं दुःख आहेच, पण आई ते एकच वाक्य उराशी धरून जगली, याची हळहळ मला जास्त वाटते.

त्या नवरात्रात तिनं घट देवघरात बसवलाच नाही. गच्चीच्या दाराशी, उन्हात बसवला. भाऊबंदांनी नाकं मुरडली, ती कुणाला बधली नाही. धान हिरवंगार आलं.

दसऱ्याला तिनं खुंटीवरची वडिलांची टोपी काढली, झटकली आणि हिरवा तुरा तीत खोवला.

"आता बघा," ती टोपीला म्हणाली, "जमलं की न्हाय मला?"